तिचं नाव कोणत्या वहीत?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज शेळीपालन नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज आपण थोडा इतिहास ऐकणार आहोत. हा इतिहास राजे-महाराजांचा नाही. आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही मागे मागे जात दीड-दोनशे वर्षं मागे पोचलो. तेच आज सांगणार आहोत.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या प्रभागातल्या एका गावात गटाची बैठक चालली होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या-अंगठे झाले. तेवढ्यात दारात एक जण येऊन उभी राहिली. गावाच्या टोकाला भाड्याची खोली घेऊन राहते. मंगळवार-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागते, बाजाराच्या दिवशी दुकानांतून फिरते. बैठकीतल्या सगळ्या जणी तिला ओळखत होत्या, पण नावानं हाक एकीनंही मारली नाही. ती म्हणाली, "मला पण गटात घ्या ना ताई. महिन्याचे शंभर रुपये मी भरीन. मला शिलाई मशीन घ्यायचंय."

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही. ती थोडा वेळ थांबली आणि गेली. ती गेल्यावर एक काकू हळूच म्हणाल्या, "पैसे भरील गं ती, त्याचं काही नाही. पण त्या लोकांना तो आजार असतो म्हणतात."

सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही समन्वयक. एचआयव्हीवर गावोगाव बोललेलो, गरोदर बायांना रक्त तपासायला घेऊन गेलेलो. पण त्या दिवशी आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि आम्ही एसटीनं घरी आलो. वाटेत एकमेकींशी बोललो, ते एवढंच की आपल्यालाच हे नीट माहीत नाही.

मग आम्ही विचारायला सुरुवात केली. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना विचारलं, पुस्तकं वाचली, आणि सगळ्यात आधी तिच्याच दारात जाऊन बसलो.

आधी शब्द समजून घेऊ

जन्माच्या वेळी सुईणीनं किंवा डॉक्टरनं "मुलगा झाला" म्हणून सांगितलं, पण वाढता वाढता जिला आतून ठाऊक झालं की आपण बाई आहोत, तिला पारलिंगी स्त्री म्हणतात. आपल्याकडे तृतीयपंथी हा शब्द जास्त चालतो. त्यातल्या काही हिजडा परंपरेत गुरू करून राहतात, काही यल्लमा देवीच्या नावानं जोगती होतात, काही कुठल्याच परंपरेत नसतात. हे कुणी नाटक म्हणून करत नाही आणि कुणाच्या संगतीनं होत नाही. आम्ही तिला विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" ती म्हणाली, "तुम्हाला तुम्ही बाई आहात हे कधी कळलं?" आम्हाला सांगता आलं नाही.

खळ्यावरचा हक्क

महाभारतातला शिखंडी आणि बृहन्नडा आपण कीर्तनात ऐकलेले आहेत. मोगलांच्या दरबारात ख्वाजासरा म्हणून अशी माणसं मोठ्या जबाबदारीच्या जागांवर होती. पण आम्हाला सगळ्यात नवल वाटलं ते आपल्या मुलखातल्या गोष्टीचं.

मराठेशाहीत हिजड्यांना ठरावीक गावांमधून धान्य किंवा पैसा मागण्याचा मान्य केलेला हक्क असे. काहींना इनाम जमिनीही होत्या. सुगीला खळ्यावर जसा सुताराचा, कुंभाराचा वाटा ठरलेला असे, तसाच हा ठरलेला हक्क. आज आपण ज्याला भीक म्हणतो, ते त्या काळी दफ्तरात लिहिलेलं देणं होतं. मान कमी-जास्त असेल, लोक चेष्टाही करत असतील. पण गावच्या हिशोबात त्यांचं नाव होतं.

इंग्रजांचं राज्य आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई सरकारनं ठरवलं की असल्या लोकांच्या मागण्याच्या हक्काला सरकारनं मान्यता देणं सभ्यपणाला शोभत नाही. मान्यता काढून घेतली. वहीतून नाव गेलं, हक्काचं मागणं गेलं आणि नुसतं मागणं उरलं. मैत्रिणींनो, हक्कानं मागणारा आणि हात पसरणारा यात किती अंतर आहे, हे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला सांगायला नको.

पोलिसाच्या वहीत

त्यानंतर नाव पुन्हा वहीत चढलं, पण ती वही पोलिसाची होती.

१८६० साली भारतीय दंडसंहिता झाली. तिच्यात ३७७ कलम होतं. इंग्रजांच्या मते जो शरीरसंबंध "निसर्गाविरुद्ध", तो गुन्हा. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. या कायद्याचं नाव आपल्याला माहीत आहे. पारध्यांसारख्या अनेक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं गेलं ते याच कायद्यानं, आणि स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून गेला म्हणून आपल्याकडे त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण त्या कायद्याचा दुसरा एक भाग होता, तो आम्हालाही माहीत नव्हता. तो भाग हिजड्यांसाठी होता आणि सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात लागू झाला.

त्यात लिहिलं होतं, संशय असलेल्या हिजड्यांची नावं, राहण्याची जागा, मालमत्ता यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेला माणूस रस्त्यावर बाईच्या कपड्यात किंवा दागिन्यांत दिसला, किंवा सार्वजनिक जागी नाचला-गायला, तर वॉरंटशिवाय पकडायचा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. त्याला मृत्युपत्र करता येत नसे, दत्तक घेता येत नसे, सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवता येत नसे.

आता याचा अर्थ काय ते आपल्या भाषेत बघू. साडी नेसली की गुन्हा. पोट भरायची कला दाखवली की गुन्हा. आपल्यामागे आपली वस्तू कुणाला द्यायची तर तेही नाही. आणि त्यांच्यात घर रक्तानं चालत नाही, गुरूकडून चेल्याकडे चालतं. ते घरच मोडायचं होतं.

१८८४ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयात एक खटला गेला. मुरादाबादकडच्या एका माणसाला पोलिसांनी धरलं होतं. तो बाईच्या कपड्यात बायकांबरोबर गात होता. सक्तीनं त्याची शारीरिक तपासणी केली आणि खालच्या कोर्टानं ३७७ कलमाखाली शिक्षाही दिली. उच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण गुन्हा कधी, कुठे, कुणाबरोबर झाला हेच पोलिसांना सांगता आलं नव्हतं. त्या माणसाचा खरा दोष एकच, नेसलेले कपडे.

कायदा पुढे गेला, पण धाक राहिला. पोलीस दिसला की पळायचं, सरकारी माणूस दिसला की खोटं नाव सांगायचं, दवाखान्यात कपडे काढायची वेळ येईल म्हणून दवाखान्यातच जायचं नाही. आपल्या घरात सासूकडून सुनेकडे जसं एखादं भय चालत येतं, तसं हे गुरूकडून चेल्याकडे चालत आलं.

आजार आला, तेव्हा

आता त्या आजाराकडे येऊ. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी शरीरविक्रय करणाऱ्या काही बायांचं रक्त तपासलं, आणि भारतात एचआयव्ही असल्याचं पहिल्यांदा सिद्ध झालं. तो काळ भीतीचा होता. आपल्या शेजारी गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून कोंडून ठेवलं होतं. तो काही गुन्हेगार नव्हता, रक्तदान करणारा माणूस होता. त्याच्या आईनं कोर्टात दाद मागितली.

१९९२ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना उभी केली. भिंतीवर चित्रं आली, रेडिओवर गाणी आली. त्या चित्रांत नवरा-बायको होते, ट्रकचालक होता, वस्तीतली बाई होती. पारलिंगी स्त्री त्यात आम्हाला तरी कधी दिसली नाही. सरकारी कार्यक्रमातही कितीतरी वर्षं त्यांची मोजणी "पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष" या एकाच रकान्यात होत असे. जी स्वतःला बाई मानते तिला पुरुषांच्या बैठकीत बोलवायचं आणि ती आली नाही की म्हणायचं, "हे लोक येतच नाहीत." चौथ्या टप्प्यात, म्हणजे २०१२ नंतर, त्यांच्यासाठी वेगळं काम धरलं गेलं. आजार येऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. २०१७ च्या सरकारी पाहणीत तपासणी झालेल्या शंभर तृतीयपंथीयांमागे सुमारे तिघांना एचआयव्ही होता. देशातल्या सगळ्या प्रौढ माणसांत हे प्रमाण हजारात सुमारे दोन आहे. म्हणजे त्यांच्यात प्रमाण दहा पटींहून जास्त, हे खरंच आहे. ते लपवायचं नाही. पण तोच आकडा उलटा वाचा. शंभरातल्या सत्त्याण्णव जणींना तो नाही. "त्या लोकांना तो आजार असतो" हे वाक्य सत्त्याण्णव वेळा खोटं आहे.

मग प्रमाण जास्त का? समुपदेशक बाईंनी आम्हाला एकेक कारण बोटावर मोजून सांगितलं.

पहिलं, शरीराचं. गुदमार्गानं संबंध आला तर तिथलं अस्तर नाजूक असतं, चटकन फाटतं, आणि निरोध नसेल तर विषाणू शिरायला वाट मिळते. हे कुणाच्याही शरीरात तसंच आहे, बाईच्याही.

दुसरं, पोटाचं. घरातून चौदा-पंधराव्या वर्षी हाकललेलं पोर, शाळा सुटलेली, नोकरी कुणी देत नाही. मागणं, बधाई आणि शरीरविक्रय एवढेच तीन रस्ते. निरोध नको म्हणणारा गिऱ्हाईक जास्त पैसे देतो आणि खोलीचं भाडं थकलेलं असतं. मारहाण झाली, जबरदस्ती झाली तर तक्रार करायला जायचं त्याच पोलिसाकडे. खिशात निरोध सापडला तर तोच पुरावा ठरेल म्हणून निरोध जवळ ठेवायलाही भीती.

तिसरं, उपचाराचं. शरीर बाईसारखं व्हावं म्हणून कुणी दुकानातून गोळ्या आणून डॉक्टरशिवाय खातं. कुणी अडाणी हातांनी शस्त्रक्रिया करून घेतं, जखम चिघळते. गुप्तरोगाची जखम असली की एचआयव्ही लवकर शिरतो, पण ती दाखवायची कुणाला?

इथे आमच्या बाजारातल्या त्या मैत्रिणीनं सांगितलेलं सांगतो. एकदा तिला आठ दिवस ताप होता. ती एका दवाखान्यात गेली. केसपेपरच्या खिडकीत विचारलं, "पुरुष की स्त्री?" ती बाई म्हणाली. आधारकार्डावर पुरुषाचं नाव. खिडकीतल्यानं ते नाव मोठ्यानं वाचलं आणि रांग हसली. पुरुषांच्या रांगेत गेली तर तिथले खाकरायला लागले, बायांच्या रांगेत गेली तर बायांनी पदर सावरला आणि सरकल्या. ती केसपेपर न घेताच परत आली. दुकानातून तापाच्या गोळ्या घेतल्या आणि पडून राहिली.

"त्या रांगेत आमच्या गावच्या बाया होत्या?" आम्ही विचारलं. ती म्हणाली, "होत्या की. दोघी तुमच्या गटातल्या."

मैत्रिणींनो, एचआयव्ही शिरतो तो रक्तातून आणि संबंधातून. पण तो वेळेत सापडत नाही, त्याचं औषध सुरू होत नाही, ते अशा रांगेमुळे.

ज्यांनी दार उघडलं

याचा अर्थ त्या नुसत्या सोसत बसल्या असा नाही. हा भाग आम्हाला फार आवडला, कारण तो आपल्या गटांसारखाच आहे.

मुंबईत १९९४ साली अशोक राव कवी आणि त्यांच्या मित्रांनी हमसफर ट्रस्ट सुरू केला. त्यातून तृतीयपंथीयांपर्यंतही आरोग्याचं काम पोचलं. सांगलीत १९९२ पासून संग्राम ही संस्था मीना शेषू यांच्या पुढाकारानं काम करते. तिथे शरीरविक्रय करणाऱ्या बायांनी स्वतःच निरोध वाटायचं काम हाती घेतलं आणि स्वतःची वॅम्प ही संघटना बांधली. पुढे तिथल्या तृतीयपंथीयांनीही आपली वेगळी संघटना उभी केली. बाहेरचा माणूस येऊन सांगतो ते ऐकलं जात नाही, आपल्यातली सांगते ते ऐकलं जातं, हे आपल्याला गटाच्या कामातून ठाऊकच आहे.

मूळच्या पुण्याच्या गौरी सावंत यांनी २००० च्या सुमारास मुंबईत सखी चारचौघी ही संस्था सुरू केली. पारलिंगी स्त्रियांना तपासणीला नेणं, औषध चालू ठेवायला लावणं, हे तिचं काम. गौरीताईंनी एका लहान मुलीला आपली मुलगी मानून वाढवलं. तिची आई शरीरविक्रय करणारी होती आणि एड्सनं गेली होती. ज्या समाजाला एका कायद्यानं दत्तक घ्यायची बंदी केली होती, त्यातलीच एक जण या आजारानं पोरक्या केलेल्या लेकराची आई झाली.

औषधाचीही एक गोष्ट आहे. सुरुवातीला परदेशी औषधाचा एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. २००१ साली आपल्या देशातल्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी जाहीर केलं की हेच औषध आम्ही दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटी औषध फुकट द्यायला सुरुवात केली, मोजक्या आठ ठिकाणी. त्यात आपलं मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. २०१७ पासून नियम झाला की तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच औषध सुरू करायचं, शरीर खचायची वाट बघायची नाही.

आणि हे तर प्रत्येकीनं लक्षात ठेवावं. औषध रोज, न चुकता घेतलं आणि तपासणीत रक्तातला विषाणू सापडेनासा झाला, तर त्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. म्हणजे औषध तिला जगवतं आणि पुढची साखळीही तोडतं. पण त्यासाठी केसपेपर निघायला हवा ना?

पुन्हा नाव चढू लागलं

२००९ साली निवडणूक आयोगानं मतदार यादीत "इतर" असा पर्याय दिला. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा पुरुष आणि स्त्री यांच्याशिवाय तिसरा रकाना आला. त्यात देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद झाली, महाराष्ट्रात सुमारे ४१ हजार. खरी संख्या याहून जास्त असणार, कारण दारात आलेल्या माणसाला घरचे खरं सांगतीलच असं नाही.

मग आला १५ एप्रिल २०१४. सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी सांगितलं की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवायचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. लक्ष्मी नारायण त्रिपाठी या आपल्या ठाण्याच्या पारलिंगी कार्यकर्तीनं त्या खटल्यात स्वतःचं म्हणणं मांडलं होतं. निकालात १८७१ च्या त्या जुन्या कायद्याचाही उल्लेख आहे. आणि त्याच निकालात सरकारला सांगितलं आहे की यांच्यासाठी एचआयव्ही तपासणीची वेगळी केंद्रं चालवा, रुग्णालयात नीट उपचार द्या, वेगळी स्वच्छतागृहं बांधा. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला दवाखाना आणि संडास यांच्याबद्दल लिहावं लागलं, यावरून काय ते समजा.

६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमातून सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध वगळले गेले. त्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्सचा कायदा लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही तपासणी करता येत नाही, कुणाला एचआयव्ही आहे हे तिच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार, नोकरी, शाळा, घर नाकारता येत नाही. २०१९ साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली आणि एचआयव्ही तपासणी केंद्रांची जबाबदारी सरकारवर टाकली गेली. २०२३ साली मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी वेगळा वॉर्ड सुरू झाला.

गावाकडचंही सांगू. २०१७ साली सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिलं. गावकरी त्यांना माऊली म्हणतात. २०२१ साली जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक इथे अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा अर्ज नाकारला गेला, तेव्हा त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. कोर्टानं त्यांना महिला म्हणून उभं राहायची परवानगी दिली आणि त्या निवडूनही आल्या. महिला आरक्षणामुळे आपण ग्रामपंचायतीत गेलो, मैत्रिणींनो. त्या दारातून त्याही आल्या.

आमच्या वहीत

हे सगळं घेऊन आम्ही पुढच्या बैठकीला गेलो. भाषण केलं नाही, आज तुम्हाला सांगितलं तसंच सांगितलं. शेवटी दवाखान्याच्या रांगेचं सांगितलं. दोघींनी मान खाली घातली. एक म्हणाली, "सरकले मी. का सरकले ते मला पण माहीत नाही."

मग प्रश्न आले, आणि ते खरे होते. तिच्या हातचा चहा प्यावा का? तिनं मोजलेल्या नोटा घ्याव्या का? लेकरं जवळ गेली तर? आम्ही सांगितलं, समजा कुणाला एचआयव्ही असलाच, तरी तो चहातून, नोटांतून, ताटातून, शिवण्यातून, डासातून जात नाही. असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त, आणि आईकडून बाळाला, एवढेच त्याचे रस्ते. आणि आईकडून बाळाला जाणंही औषधानं थांबवता येतं.

एका आजींनी विचारलं, "पण तिला आहे का नाही, तेवढं सांगा की." आम्ही म्हणालो, "आजी, गटात येताना तुमचं रक्त कुणी तपासलं होतं का?" आजी हसल्या. हा प्रश्न आम्ही तिलाही विचारला नाही, आणि आज रेडिओवर तुम्हालाही काही सांगणार नाही. कायदाही तेच म्हणतो आणि मैत्रीही.

सगळ्यांचं एकमत झालं असं खोटं सांगणार नाही. बारा जणींपैकी नऊ हो म्हणाल्या. दोघी गप्प राहिल्या. एकीनं सांगितलं की घरचे ऐकणार नाहीत, आणि तिनं पुढच्या महिन्यात गट सोडला. वाईट वाटलं. पण ठराव लिहिला आणि तिला निरोप धाडला.

ती आली. अध्यक्षांनी विचारलं, "नाव काय लिहायचं?" तिनं तिचं नाव सांगितलं, तिनं स्वतः ठेवलेलं. सचिवानं ते लिहिलं आणि शंभर रुपये जमा केले. ऑनलाइन नोंद मात्र अजून अडकलेली आहे, कारण कागदावर जुनंच नाव आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे, आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर जाऊन आल्या. शिलाई मशीनचं कर्जही त्यामुळे बँकेकडून नाही, गटाच्या अंतर्गत पैशातूनच द्यायचं ठरलं आहे. दवाखान्यातही आता ती एकटी जात नाही. खिडकीपाशी बरोबर कुणी उभी असली की नाव मोठ्यानं वाचलं जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या बैठकीत एवढं बोलून बघा. आपल्या गावात, बाजारात अशी कुणी आहे का? तिचं नाव आपल्याला माहीत आहे का? दवाखान्याच्या रांगेत ती आपल्यापुढे उभी राहिली तर आपण काय करू?

एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल, स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी, तर १०९७ या नंबरावर फोन करा. फोन फुकट आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते आणि ती गुप्त ठेवली जाते. जोखमीचा प्रसंग घडला असेल, जबरदस्ती झाली असेल, तर ७२ तासांच्या आत रुग्णालयात पोचा. आजार टाळायचं औषध तेवढ्या वेळातच सुरू करावं लागतं. आणि कुणाला सोबत हवी असेल तर गटातली एक जण बरोबर जा.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.